एका स्पायरलमधली पाटी

सोनू झोपला की प्रियदर्शनीचं ऑफिस उघडायचं. ऑफिस म्हणजे धायरीच्या फ्लॅटमधलं खिडकीजवळचं टेबल, त्यावरचा जुना कॉम्प्युटर, आणि पायाच्या अंगठ्यात अडकवलेली पाळण्याची दोरी. वर बोटं चालायची, खाली पाय.

कॉलेजात शिकवत असताना तिनं 'पाटी' लिहायला घेतली होती. पाटी ही एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम. कॉम्प्युटर चालू केला की त्याच्या पोटात काय काय घडतं, ते मुलांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता यावं, एवढाच तिचा उपयोग. पुढे सोनू झाला, नोकरी सुटली, पाटी काही सुटली नाही. आता कुठकुठची मुलं आणि आयटीतली मंडळी ईमेलवरून तिच्यात भर घालायची. काय घ्यायचं आणि काय नाही, हे प्रियदर्शनी ठरवायची.

नियम एकच होता: सगळी पाटी छापून झेरॉक्सवाल्याच्या एका स्पायरलमध्ये मावली पाहिजे. त्याच्या सगळ्यात जाड स्पायरलमध्येही ती मावेनाशी झाली की तो दोन भाग करून देणार, आणि दुसरा भाग मुलं परीक्षा संपेपर्यंत उघडत नाहीत, हे तिनं वर्गात बघितलं होतं.

या नियमाचा खरा पहारेकरी सुदर्शन. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत होता आणि कामाच्या वेळात पाटीची मेल वाचायचा. एकानं पाटीतून सूर वाजवायची सोय करून पाठवली, तर याचं उत्तर आलं, 'छान. बँडवाल्यांना कळवा.' शेवटचा शब्द प्रियदर्शनीचा असला, तरी सुदर्शनच्या चाळणीतून न गेलेली गोष्ट तिला पक्की वाटत नसे.

आणि मग मुक्ताईची मेल आली. ही वाशीमकडची मुलगी, लोणी काळभोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिनं पाटीला मराठी अक्षरं शिकवली होती, तीही जोडाक्षरांसकट. ते वाचून प्रियदर्शनी खुर्चीतच उसळली होती. मग पानं मोजली आणि खाली बसली. एका स्पायरलमध्ये मावणं शक्यच नव्हतं. सुदर्शननं लिहिलं, 'वर्णमाला हा पाटीचा गाभा नाही. ती बाहेर ठेवायची गोष्ट आहे.' त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं. नव्या वर्षाची पाटी सोमवारी छापायला जायची होती. आता राहिलं ते पुढच्या वर्षी, आणि तोवर मुक्ताई कॉलेजातून गेलेली असणार.

असं 'नाही' मेलवर कसं सांगायचं? तिनं मुक्ताईला घरीच बोलावलं.

दोन बस बदलून, फ्लॉपी रुमालात गुंडाळून मुक्ताई आली. प्रियदर्शनीनं दारातच पाळण्याकडे बोट दाखवलं, त्यामुळे पुढचं सगळं कुजबुजतच झालं. तिनं पोरीला स्पायरलचा नियम सांगितला, सुदर्शनचं म्हणणं सांगितलं. मुक्ताईनं मान डोलावली. वाद घातला नाही.

"गावाकडं शाळेत मी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा नाव लिहिलं ना मॅडम, ते इंग्रजीतून," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, हे काही माझं नाव नाही. कॉम्प्युटरला झेपेल तेवढं लिहिलंय."

कुठलं काही काढून जागा होते का बघावं, म्हणून प्रियदर्शनी गेल्या वर्षीचं स्पायरल चाळू लागली. मध्येच तिचं बोट थांबलं. पानांमागून पानं नुसते ठिपके. ए, बी, सी, डी. पडद्यावर अक्षर कसं काढायचं ते कळावं, म्हणून तिनं स्वतःच एकेक ठिपका मांडून भरलेली ती पानं. इतकी वर्षं तिला ती भर वाटलीच नव्हती.

"अगं," ती म्हणाली, "वर्णमाला गाभा नाही म्हणतोय ना तो? मग ही इथे काय करतेय?"

मुक्ताईचे डोळे मोठे झाले. पुढचं सांगावंच लागलं नाही. पाटीला एवढंच शिकवायचं: दिलेल्या फाइलमधून अक्षराचे ठिपके उचल आणि मांड. मग फाइल इंग्रजीची असो की मराठीची. अक्षरं जोडायचं काम बाहेरच्या बाहेर, मुक्ताईच्या छोट्या प्रोग्रॅमकडे.

दोघी एका कीबोर्डवर तुटून पडल्या. एकीनं ओळी काढायच्या, दुसरीनं डोकं लावून फटी सांधायच्या. चहा दुधाच्या सायीखाली निवून गेला. शेवटी कॉम्प्युटर नव्यानं चालू केला.

पडदा काळाकुट्ट. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा. मग मुक्ताईनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. फाइलचं नाव होतं 'अक्षर', इंग्रजी लिपीत. तिनं फाइलला नाव देताना 'क्ष'साठी एक्स लिहिला होता आणि मॅडमनी पाटीत के-एस-एच. पाटी बिचारी नसलेली फाइल शोधत बसली होती.

तेवढं सुधारलं. मुक्ताईनं नाव लिहिलं, आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटलं: मुक्ताई. 'क्त' अखंड, कुठे मोडलेला नाही. ती पोर पडद्याला बोट लावून नुसती बसून राहिली.

मेल पाठवायची तर मोडेम किंचाळणार. प्रियदर्शनीनं त्याच्यावर सोनूची दोन दुपटी टाकली आणि सगळं सुदर्शनला कळवलं. उत्तर लगेच आलं.

'फाइलच सापडली नाही तर?'

'तर पाटी कोरी,' तिनं लिहिलं.

मग, 'नावाला धरून आहे. मान्य. पानंही कमी झाली. आधी का नाही सुचलं?'

शेवटचं वाक्य तिनं वाचलंच नाही. 'मान्य'पाशीच तिचा पाय असा उडाला की दोरीला हिसका बसला, पाळणा खिडकीकडे झेपावला आणि सोनूनं टाहो फोडला. तिनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं, अंगठ्यातली दोरी सोडली आणि पडद्यावरच्या उत्तराकडे बोट करून मुक्ताईकडे बघत हसली.

"वाच आता," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."