पस्तीस डेसिबलच्या आत

उष्मागतिकी, यंत्रघटक, द्रवगतिकी हे निम्म्या वर्गाला घरी पाठवणारे विषय योरिस केटेल्हूटने पहिल्या फटक्यात काढले होते. आता संगीत-परिचय या दोन क्रेडिटच्या विषयापायी त्याचं मेकॅनिकल इंजिनिअरिंग कायमचं सुटायच्या बेतात होतं.

नियम साधा होता. एका विषयात तीनदा नापास झालात की संपलं. या विद्यापीठातच नव्हे, सबंध जर्मनीत तो अभ्यासक्रम पुन्हा करता येत नाही. हा नियम पूल कोसळू नयेत म्हणून केलेला असावा. संगीत-परिचय मागाहून आला, अभियंत्यांचं व्यक्तिमत्त्व फुलावं म्हणून, आणि तो घालताना नियमाकडे बघायचं राहून गेलं.

योरिसला दोनदा नापास केलं होतं हाइल्विग टॉम्सेनबाईंनी. बावीस वर्षं त्या इथे शिकवत होत्या. त्यांची परीक्षा अशी: बाई पियानोवर एक सूर वाजवणार, विद्यार्थ्याने वीस सेकंद गप्प बसायचं, मग तोच सूर गाऊन दाखवायचा. असे दहा सूर. सहा आले की पास. तळघरातल्या खोलीत पहिल्या खेपेला नऊ जण बसले, पाच आपटले. त्यातल्या चौघांनी गुपचूप नीतिशास्त्र घेतलं. योरिस हट्टाने राहिला, आणि दुसऱ्यांदा आपटल्यावर विषय बदलायची सोयही गेली.

तिसऱ्या परीक्षेच्या आठवडाभर आधी बाईंनी दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. योरिसचे अकरा सूर चुकले होते, आणि अकराच्या अकरा वेळा त्याने एकच सूर लावला होता. तो सूर कोणी गात नसतानाही रेकॉर्डिंगमध्ये होता. छतातून जाणाऱ्या, खोलीत हवा खेळवणाऱ्या नळाचा.

बाईंचा कान बावीस वर्षांत बाकी काही नाही तरी गोंगाट वजा करायला शिकला होता. त्यांना आधी स्वतःचाच राग आला. तो घेऊन त्या इमारत-विभागात गेल्या.

"एकतीस डेसिबल," तिथला श्ट्रुके संगणकात बघत म्हणाला. "मर्यादा पस्तीस. म्हणजे आवाज नाही."

"मला ऐकू येतो."

"येत असेल. पण नाहीये."

"मग जो नाहीये तो मंगळवारी तासभर बंद ठेवा."

"बाई, हवेची ही यंत्रणा होल्टग्रेवे प्रोफेसरांनी बनवलेली आहे. बक्षीस मिळालंय तिला, दारावर पाटी आहे. आधी त्यांची सही, मग अर्ज, मग सहा आठवडे."

परीक्षा कार्यालयातल्या नीबूरबाई इतक्या प्रेमाने नाही म्हणायच्या, की माणूस आभार मानून बाहेर पडायचा. दुसरी खोली मिळणार नाही, त्या म्हणाल्या. तिसरी परीक्षा आधीच्या दोन्हींसारख्याच परिस्थितीत झाली पाहिजे, नाहीतर रद्द. "मुलावर अन्याय नको व्हायला, नाही का?"

टॉम्सेनबाई आभार न मानता बाहेर पडल्या. जिन्यात योरिस भेटला, त्याला त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे मी नळाशी सुरात गात होतो?"

"अगदी सुरात."

"आणि मला वाटलं, माझ्यातच खोट आहे. सहा महिने मी अंघोळ करतानासुद्धा गात नाहीये, बाई." तो कठड्यावर टेकला. "मग तुम्ही नळाचाच सूर वाजवा की, दहा वेळा."

"पियानोवर तो नाही, दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. आणि असता तरी वाजवला नसता. तुम्हाला गाता येतं, केटेल्हूट. भीक कशाला मागता?"

मंगळवारी सहपरीक्षक म्हणून योरिसच्या विभागातून खुद्द होल्टग्रेवे आले.

"उरकून टाकू," ते म्हणाले. "पोरगा हुशार आहे, पण कान उपजतच लागतो. मी वीस वर्षं पुरुषांच्या गायकवृंदात गातोय, मला विचारा."

फॉर्मची पहिली ओळ होती, खोली परीक्षेस योग्य असल्याची सहपरीक्षकाने खात्री केली. होल्टग्रेव्यांनी खिडकीकडे पाहिलं, खुर्च्या मोजल्या आणि पेन काढलं.

"बघून कशी कळणार?" बाई म्हणाल्या. "कानाची परीक्षा आहे. मी पाच सूर वाजवते, तुम्हीच गाऊन बघा. तुम्ही तर गाणारे."

विद्यार्थ्यासमोर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. पहिला सूर आला. दुसऱ्याला वीस सेकंद गेले आणि तो घसरला. तिसरा आणि चौथाही घसरून त्याच सुरावर बसले. पाचव्याला स्वतःचा आवाज ऐकून ते मधेच थांबले.

बाईंनी इतिवृत्तात लिहिलं: सहपरीक्षक, पाचपैकी एक.

"हे लिहायलाच हवं का?"

"खोलीच्या पाहणीसाठी फॉर्मवर जागा सोडलीय."

होल्टग्रेव्यांनी छताकडे पाहिलं, लग्नात तमाशा करणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं. मग फोन लावला. "श्ट्रुके, तळघराची हवा बंद करा. कसला अर्ज? मी बोलतोय." सहा आठवड्यांचं काम चार मिनिटांत झालं.

खोली गप्प झाली. योरिस गायला. दहापैकी आठ.

"वा," म्हणत होल्टग्रेव्यांनी फॉर्मची शेवटची ओळ पुढे सरकवली: आधीच्या परीक्षांसारख्याच परिस्थितीत घेतली, होय / नाही. "होय करा, आणि चला कॉफीला."

बाईंनी 'नाही'वर खूण केली.

"अहो, रद्द होईल. पोराचं वाटोळं कराल."

"होय म्हटलं तर ते दोन नापास खरे ठरतात," बाई म्हणाल्या आणि कारणाच्या रकान्यात लिहू लागल्या. 'दोन्ही वेळी खोलीत चुकीचा सूर चालू होता. परीक्षक म्हणून ते मला कळायला हवं होतं, कळलं नाही. दोन्ही निकाल मी मागे घेते. ही त्यांची पहिली परीक्षा आहे.' सही करून त्यांनी कागद होल्टग्रेव्यांपुढे ठेवला.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर 'पाचपैकी एक' हा दोष तुमच्या कानाचा समजला जाईल. खोलीचा नाही."

योरिस जमिनीकडे बघत बसला होता. होल्टग्रेव्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि नेहमीपेक्षा बारीक सही केली.

नीबूरबाईंचं कार्यालय बाराला बंद व्हायचं. पावणेबारा झाले होते.

"कोट घाला, केटेल्हूट," बाई म्हणाल्या. "हा कागद आपण हातानेच देऊ, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही."