तिसरी उशी

मी एक जुनी उशी आहे. पोटात कापूस कमी आणि राग जास्त! का, ते ऐका मित्रांनो.

नवी होते तेव्हा काय माझी ऐट! पांढराशुभ्र अभ्रा, टुमटुमीत अंग. रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात जो तो मलाच मागायचा. आता मी जादाची उशी. एका खाटेवर गाडी चालवायला शिकवणारे काका होते. आधी त्यांना एक उशी पुरायची. मग दोन लागल्या. मग तिसरी मी. आडवं झालं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून ते बसूनच डुलक्या काढायचे. पाठीशी मी होते, त्यामुळे मला कळत होतं, श्वास घेताना त्यांची उजवी बाजू हलतच नव्हती.

पण रोज सकाळी डॉक्टर यायच्या आधी सिस्टर खाटा नीटनेटक्या करायच्या. एका खाटेला एकच उशी! मी थेट बाजूच्या कपाटात. मग डॉक्टर विचारायचे, "झोप लागली?"

"एकदम टॉप गिअरमध्ये!" काका म्हणायचे. त्यांना घरी जायची घाई झाली होती. दम लागतो तो रक्त कमी झाल्यामुळे, असं सगळे धरून चालले होते. मी आत नुसती चरफडायचे. तोंड नाही ना मला!

घरी सोडायच्या दिवशी काकू लवकर आल्या. सिस्टरनी मला उचललं, तशा त्या कडाडल्या, "राहू द्या तो पसारा! अहो, बसून झोपता आणि डॉक्टरांना थापा मारता?"

"हळू बोल गं, सोडणार नाहीत मला."

"नकोच सोडू देत!"

तेवढ्यात डॉक्टर आले. "हा उशांचा डोंगर कशाला?"

काकूंनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी काकांच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. डावीकडे पोकळ आवाज, उजवीकडे खाली नुसतं ठप्प. एक्स-रे काढला, तर फुप्फुसाभोवती पाणी!

काकांना टेबलावर वाकून बसवलं, छातीशी मला दिलं. पाठीतून सुईने पाणी काढताना त्यांनी मला असं आवळलं की माझी शिवणच उसवली. हळूहळू त्यांचा श्वास मोकळा झाला. पण पाणी तपासलं, तर आजार तिथेही पोचलेला. औषध बदललं, घरी जाणं लांबलं. "आधीच कळलं असतं हो!" काकू म्हणत राहिल्या. कळलं होतं की मला!

मित्रांनो, टापटीप मलाही आवडते. पण घरातलं आजारी माणूस रात्र बसून काढत असेल, तर त्याची उशी उचलण्याआधी विचारा, आडवं का होता येत नाही? आणि खरं उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.