लाल दोऱ्याची बंदी

पाहणीला आलेली ती तरुण बाई वर्गात शिरली तेव्हा तिच्या एका हातात हिरवी वही होती आणि दुसऱ्या हातात घड्याळ. मनगटावर बांधलेलं नव्हे, मुठीत धरलेलं, वर टोपणासारखा दाबायचा खटका असलेलं. वाइंडिंगबाईंनी आधी घड्याळ पाहिलं आणि मग माणूस.

"मी चार दिवस इथे बसणार आहे," ती हसून म्हणाली. "कल्याण समितीकडून आलेय. मुलींना काम करताना काय अडचणी येतात ते बघायला."

"अडचणी काही नाहीत," बाई म्हणाल्या.

"मी अजून विचारलं कुठे?"

"म्हणूनच आधी सांगून टाकलं."

मुली खुसखुसल्या. बाईंनी नुसतं वळून पाहिलं आणि अठरा माना पुन्हा तारेवर वाकल्या.

तंत्रशाळेच्या मागच्या अंगाला मोटार वाइंडिंगचा हा वर्ग होता. जळलेल्या मोटारीतली तार उपसायची, नवी तार मोजून गुंडाळायची, खाचांत बसवायची आणि वार्निश देऊन मोटार पुन्हा चालती करायची. सव्वीस वर्षं बाई हेच शिकवत आल्या होत्या. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती, आपण गेल्यावरही हा वर्ग मुलींचाच राहावा. शेजारच्या फिटरच्या वर्गाला जागा अपुरी पडत होती, आणि 'मुलींच्या वर्गाची खरंच गरज आहे का' असं वरून दोन वर्षांत तीनदा विचारून झालं होतं. तिन्ही वेळा बाईंनी पानभर उत्तर लिहून तोंडं बंद केली होती. आता उत्तर मागायचं सोडून माणूसच पाठवला होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल.

त्यात ते घड्याळ.

तसं घड्याळ बाईंनी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या, पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंगला. एका लांबलचक टेबलाशी अकरा जणी बसायच्या. तार गुंडाळताना फेरे मोजावे लागतात, मध्येच उठलं की मोजणी चुकते आणि सगळी कॉइल उकलावी लागते. म्हणून त्या अकरा जणींनी आपली एक रीत पाडली होती. उठायची वेळ आली की शेवटच्या फेऱ्याला लाल दोरा बांधायचा, टेबलावर खडूने आकडा लिहायचा आणि जायचं. परत येऊन दोरा सोडला की पुढचा आकडा. कुणाचं बाळ पाळणाघरात, कुणाची पाठ धरलेली, कुणाचे ते चार दिवस. दोरा बांधला की शेजारीण काही न विचारता हातातली कात्री बाजूला घेऊन वाट करून द्यायची.

मग एके दिवशी एक गोड बोलणारा माणूस आला. हातात घड्याळ, कागदावर 'कामगार कल्याण' असं छापलेलं. त्याने प्रत्येकीकडे मुलाबाळांची चौकशी केली. एकीच्या पोराला गोवर आला होता, तर दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारलं, "ताप उतरला का?" आणि तीन आठवडे तो लाल दोरे मोजत बसला. तीन महिन्यांनी बायकांचं टेबल बंद झालं. कारणही लिहून आलं होतं, 'वेळेचा अपव्यय'.

त्या टेबलावरच्या बायका आता कुठे कुठे विखुरल्या. दोघी तर गेल्याही. पण कोण कोणत्या खुर्चीवर बसायची, कोण मोजताना ओठ हलवायची, कोण चाळीसच्या पुढे हटकून चुकायची, हे बाई आजही सांगू शकल्या असत्या.

दोऱ्याची तीच रीत बाईंनी आपल्या वर्गातही लावली होती. दुपारी पाहणीवाली कचेरीत गेली तशी बाईंनी दार लोटून घेतलं.

"ऐका गं. ही आहे तोवर कुणाच्याही कॉइलवर लाल दोरा दिसता कामा नये."

"म्हणजे बाई, उठायचंच नाही?" लांबवेणीने विचारलं. ही वर्गातली सगळ्यांत चटपटीत मुलगी, वेणी यंत्रात जाऊ नये म्हणून कोटाच्या आत खोचायची.

"सुट्टीत जा. सकाळी पाणी बेताने प्या. मी सव्वीस वर्षांत कामाच्या वेळात एकदाही उठलेली नाही. मेले का मी?"

"नाही बाई," पहिल्या रांगेतली चष्मेवाली गंभीरपणे म्हणाली, आणि का हसू फुटलं ते कुणालाच कळलं नाही.

खरं सांगायचं तर तसंही दोरे फारसे बांधले जात नसत. बायकांचं स्वच्छतागृह होतं पार कचेरीच्या इमारतीत. त्याची किल्ली फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे, आणि ती हरवू नये म्हणून तिला हातभर लांबीची लाकडी फळी अडकवलेली, फळीवर पांढऱ्या रंगात 'महिला'. ती फळी घेऊन सगळं अंगण ओलांडायचं, फिटरच्या उघड्या शटरसमोरून. फळी दिसली की आतून कुणीतरी ऐरणीवर हातोडा मारायचा. एकच ठोका. ठण्ण. बाकी कुणी काही बोलायचं नाही. फिटरसर म्हणायचे, "अहो, कार्यशाळा आहे, आवाज होणारच."

पाहणीवाली रोज आठ वाजता हजर. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घड्याळ दाबायची, थांबवायची, काहीतरी लिहायची. मुलींनी तिचं नाव घड्याळताई पाडलं. ती स्वभावाने वाईट नव्हती, हीच बाईंना धास्ती. चष्मेवालीला तिने विचारलं, "घरी सगळे कसे आहेत?" आणि बाईंच्या हातातली पक्कड खाली पडली.

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. पाहणीवाली मोजपट्टी घेऊन भंगारखोलीत शिरली.

ही भंगारखोली म्हणजे बाईंचा जीव. वर्गाला लागूनच, जेमतेम आठ बाय दहाची. गावभरातून गोळा केलेल्या जळक्या मोटारी तिथे छतापर्यंत रचलेल्या, पंख्यांच्या, पंपांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या. मुली त्यांतली तार भट्टीत तापवून काढायच्या, सरळ करायच्या आणि तिच्यावर हात बसवायच्या. त्या तारेचा लेप जळालेला असतो, खऱ्या मोटारीत ती चालत नाही, पण बोटांना ते कुठे ठाऊक? फेरे मोजायला, खाचेत ओळीने बसवायला तीच तार वर्षानुवर्षं पुरते. मुलींच्या वर्गाला सरावासाठी कोरी तार मिळत नाही हे पहिल्याच वर्षी कळल्यावर बाईंनी ही सोय स्वतः उभी केली होती.

"खोली मोजताय?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"हो, जरा बघत होते. इथे पाण्याचा नळ कुठून येतो हो?"

"नळ नाही."

"भिंतीपलीकडे आहे ना पण?"

"पलीकडे फिटर आहेत. नळ हवा असेल तर त्यांना विचारा, ते खुशीने भिंतच पाडून देतील."

संध्याकाळी घरी बाईंनी हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. तो निवृत्त टपाल कारकून, ऐकायची सवय दांडगी.

"खोली मोजली म्हणजे खोली गेली," बाई म्हणाल्या. "खोली गेली की सराव गेला, सराव गेला की मुली नापास, आणि मुली नापास झाल्या की वर्ग गेला. सरळ आहे."

"तिला विचारलंस का, कशाला मोजतेयस?"

"चोराला विचारायचं, कशाला आलास?"

"चहा घे," नवरा म्हणाला. "साखर मीच घातलीय. त्यातही काही डाव वाटत असेल तर आधी मी पिऊन दाखवतो."

बाईंना हसू आलं नाही. पण चहा मात्र त्यांनी घेतला.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला लांबवेणीच्या हातातली कॉइल सुटली. ती टेबलावर पुढे वाकली, दोन्ही हात ओटीपोटावर आणि चेहरा घामाने डबडबलेला. पाहणीवाली स्टुलावरून धावत आली. बाईंनी मुलीला भिंतीशी टेकवून बसवलं. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"लघवीला जळजळ होतेय का गं?" पाहणीवालीने हळूच विचारलं.

मुलीने मान हलवली. "परवापासून."

"मग बोलायचं नाही?"

लांबवेणीने बाईंकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या पाहण्यात, परवानगी मागणं होतं, आणि तेच बाईंच्या काळजात रुतलं.

"बोल गं," बाई म्हणाल्या.

"पाणी कमी पीत होते. उठायला लागू नये म्हणून. बाई म्हणाल्या होत्या, तुम्ही असेपर्यंत उठायचं नाही."

चष्मेवालीला सोबत देऊन लांबवेणीला दवाखान्यात पाठवलं आणि पाहणीवाली हिरवी वही घेऊन बाईंसमोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच तिचं हसू कुठे दिसत नव्हतं.

"आज दुपारी चारला मला हा अहवाल द्यायचाय. वाचा."

बाईंनी चष्मा पुसला. वर लिहिलं होतं, 'वाइंडिंग वर्गाशेजारी मुलींसाठी स्वच्छतागृह व विश्रांतीची जागा'. खाली रकाने, किती जणी उठल्या, जायला किती वेळ, यायला किती. चार दिवस आणि चारही दिवसांपुढे शून्य. शेवटी दोन चौकोन, 'गरज आहे' आणि 'गरज नाही'.

"अठरा मुली चार दिवस जागच्या हलत नाहीत," पाहणीवाली म्हणाली. "आता मी कोणत्या चौकोनात खूण करू, तुम्हीच सांगा. गरज आहे म्हटलं तर ही सोय त्या भंगारखोलीत होईल, गरज नाही म्हटलं की ती खोली सोमवारपासून फिटरच्या वर्गाला जाईल. त्यांचा अर्ज आधीच आलाय."

बाईंनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मग पुन्हा पुढची.

"त्या माणसाच्या कागदावरही 'कल्याण' लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या.

"कोणत्या माणसाच्या?"

मग बाईंनी कारखान्याची ती सगळी हकिकत सांगितली, अकरा जणी, लाल दोरे, गोवर. पाहणीवाली उभ्याउभ्या ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माझा कागद तसा नाही हे मी कसं पटवून देऊ?"

"नाही पटवता यायचं."

"मग?"

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. सोळा मुली, समोर सोळा कॉइली, आणि कुठल्याच कॉइलवर दोरा नाही. सकाळपासून कुणी पाण्याची बाटली उघडली नव्हती. आपल्या शब्दाला एवढी किंमत आहे याचा त्यांना नेहमी अभिमान वाटायचा. आज त्याची लाज वाटली. आणि आपण सव्वीस वर्षांत उठलो नाही, हे त्या ज्या ताठ्याने सांगायच्या, त्यामागे दर उन्हाळ्यातलं ते जळजळणं होतं, पाठीत उठणारी कळ होती, पहिला घोट दुपारी दोनला पिणं होतं. ते त्यांनी घरीसुद्धा कधी नीट सांगितलेलं नव्हतं.

"आधी मला एक सांग," त्या म्हणाल्या. कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या ते त्यांनाही कळलं नाही. "खोलीत ही सोय झाली, तर माझ्या मोटारी कुठे जाणार?"

पाहणीवालीने वहीची पानं मागेपुढे चाळली. "ते... मी लिहिलेलं नाही."

"बघ. माझा संशय अगदीच फुकट नाही जात. लिही, वर्गाच्या मागच्या भिंतीला लोखंडी मांडण्या, सगळ्या मोटारी तिथे. एकही बाहेर जाणार नाही. दोन प्रती कर, एक माझ्याकडे राहील. आणि सहीच्या वर लिही की चार दिवसांची शून्यं खोटी आहेत. ती बाईंनी सांगून घडवलीत."

"तुमच्यावर येईल ते."

"आठ महिने राहिलेत. येऊ दे."

पाहणीवालीने लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं आणि सही केली. मग त्या आपल्या टेबलाशी गेल्या. नमुन्यासाठी सकाळी धरलेली कॉइल अर्धीच होती. त्यांनी खण उघडला, मागे हात घालून लाल दोऱ्याचं रीळ काढलं, त्रेचाळिसाव्या फेऱ्याला गाठ मारली आणि टेबलावर खडूने आकडा लिहिला. मुलींच्या माना एकामागून एक वर आल्या.

"लाव घड्याळ," बाई म्हणाल्या.

फाटकाशी पहारेकरी गडबडून उभा राहिला. "बाई, तुम्ही? काही काम होतं का?"

"किल्ली दे."

ती फळी वाटली होती त्याहून जड निघाली. बाईंनी ती काखेत लपवली नाही, पदकासारखी समोर धरली आणि अंगणातून चालू लागल्या. मागून पाहणीवाली. शटरसमोर पोहोचल्या आणि आतून ठोका पडला, ठण्ण. बाई थांबल्या. आत कुणाच्या तरी हातात हातोडा होता आणि तो खाली कुठे ठेवावा ते त्याला समजेना. फिटरसर कानशीवरून मान वर करून बघत राहिले.

"कार्यशाळा आहे, आवाज होणारच," बाई म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

परत आल्या तेव्हा त्या थेट वर्गात शिरल्या. फाटकाकडे गेल्याच नाहीत. त्यांनी फळी किल्लीपासून सोडवली, भट्टीच्या सरपणावर टाकली आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. पहारेकरी धापा टाकत दारात आला.

"बाई, नियम आहे, किल्ली फाटकावर..."

"नियम लेखी आण. तोवर ती इथेच राहील."

त्यांनी लाल दोरा सोडला. "चव्वेचाळीस," त्या पुटपुटल्या आणि तार ओढली. मागच्या रांगेत कुणीतरी बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग दुसरीनेही उघडलं. एका मुलीने न विचारता पुढे येऊन बाईंच्या टेबलावरचं रीळ उचललं आणि आपल्या कॉइलला दोरा बांधला.

"चौदा मिनिटं," पाहणीवाली म्हणाली. "जाऊन येऊन. लिहू?"

"लिही," बाई म्हणाल्या. नजर तारेवरच होती. "आणि लिहून झालं की मला वाचून दाखव."