उसने डोळे

कॉम्प्युटर सरळ बिघडला असता तरी चाललं असतं, असं धाकटीला वाटायचं. बिघडलेल्या वस्तूशी कसं वागायचं ते माणसाला कळतं. हा बिघडत नव्हता. हा थांबायचा. फोटो उघडायला सांगितला की वरून खाली, पट्टीपट्टीनं यायचा. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. भुवयांपाशी आला की थांबलाच. आतला पंखा जिना चढून आलेल्या म्हातारीसारखा धापा टाकायचा आणि धाकटी मांडीवर हात ठेवून बसायची. कधी पाच मिनिटं, कधी अकरा. मग डोळे यायचे.

तेवढा वेळ ती स्क्रीनकडे बघत नसे. भिंतीकडे बघायची, आणि भिंतीवर थोरली होती.

फोटो स्टुडिओ थोरल्या बहिणीचा. कॅमेरा, छत्रीचे दिवे, काळा पडदा, हा सतरा वर्षांचा कॉम्प्युटर, सगळं तिनं जमवलेलं. धाकटीचा हात हलायचा म्हणून तिच्या वाट्याला दुरुस्ती आली. कसरीनं खाल्लेले, ओल लागलेले, पाकिटात घडी होऊन मेलेले फोटो ती जोडायची. चौदा वर्षांपूर्वी थोरली गेली, तेव्हापासून गिऱ्हाइकं धाकटीलाच ‘ताई’ म्हणायला लागली. अजूनही कुणी हाक मारली की ती आधी मागे वळून बघते.

थोरली जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिली, त्यामुळे तिचा धड फोटो एकच, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. तोच भिंतीवर आहे. “ध्यानाला बसल्या होत्या का?” असं लोक विचारतात. धाकटी “हो” म्हणते. थोरली आणि ध्यान! तिला बस येईपर्यंत उभं राहवत नसे.

पण डोळे होते, नुसतेच डोळे. जवळून फोटो काढायची नवी लेन्स आली तेव्हा ती तपासायला थोरली स्वतः स्टुलावर बसली होती. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून धाकटीला म्हणाली होती, “तू फक्त बटण दाब. आणि कृपा करून श्वास घेऊ नकोस.” चौकटीत दोन डोळ्यांपलीकडे काही मावलं नाही. असे बावीस फोटो. धाकटीनं आयुष्यात काढलेले चांगले फोटो तेवढेच.

थोरली गेल्यावर तिसऱ्या महिन्यात एका गृहस्थांच्या वडिलांचा फोटो आला. कसरीनं बरोबर डोळे खाल्लेले. दुसरीकडून कुठून आणायचे? धाकटीनं त्या बाविसांतल्या एका फोटोतले डोळे उचलले, थोडे पिवळट केले, कडेला सुरकुत्या घातल्या, बसवले. गृहस्थ फोटो हातात घेऊन रडले. म्हणाले, “अगदी असेच बघायचे.” एकदा हात बसला की बसला. दुसरा फोटो, दहावा, शंभरावा. रंग बदलायचा, पापण्या बदलायच्या, मिशा, चष्मे, कुंकू, टक्कल यांच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येणार? आता गावातल्या किती दिवाणखान्यांत थोरली भिंतीवरून बघत होती, ते धाकटीलाही सांगता आलं नसतं. कुणाच्या घरी जायची वेळ आली की ती भिंतीकडे पाठ करून बसायची.

हॉस्पिटलातली ती सकाळ तिला रोज आठवायची असं नाही. फोटो भुवयांपाशी थांबला की आठवायची. ती “आलेच” म्हणून एका गिऱ्हाइकाचा अल्बम पोचवायला गेली होती. परत आली तेव्हा परक्या हातांनी थोरलीचे डोळे मिटवून झाले होते. नर्स म्हणाली, “शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या.” कुणाला शोधत होत्या, हे नर्सनं विचारलं नाही. धाकटीनं सांगितलं नाही.

* * *

गेल्या सोमवारी काकू आल्या. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या सासूबाईंचा फोटो धाकटीनंच केला होता. या वेळी पिशवीतून त्यांनी यजमानांचा काढला. तरुण माणूस, अंगात ढगळ शर्ट, केस वाऱ्यानं उडालेले, आणि नाकाच्या वर दोन भोकं.

“कसर मेली डोळेच खाते,” काकू म्हणाल्या. “कपाळ एवढं मोठं होतं, ते नाही खाल्लं.”

“होईल,” धाकटी म्हणाली.

“होईल ते ठाऊक आहे हो. पण एक सांगते, रागावू नका. सासूबाईंचा तुम्ही फार छान केलात. इतक्या मायेनं बघतात भिंतीवरून की मला कळेना ही बाई कोण. पस्तीस वर्षांत माझ्याकडे तशी नजर टाकली नाही त्यांनी.”

धाकटी हसली. 

“यांना तसं बघायला लावू नका,” काकू पुढे म्हणाल्या. “शेजारीशेजारी लावायचेत दोघं. दोघांनी एकाच डोळ्यांनी बघितलं तर मी रात्री दिवा लावायला त्या खोलीत कशी जाऊ?”

त्यांना काही कळलं होतं की सहज बोलल्या, ते ओळखायची सोय नव्हती. पिशवीची घडी करून त्या निघून गेल्या. धाकटीनं तो फोटो उघडला. मशीन भुवयांपाशी आलं आणि अर्ध्या तासानं बंद पडलं.

* * *

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, बोलला की टोचणारा. झाकण काढून त्यानं आत बॅटरी मारली आणि तोंडानं च् च् केलं.

“ताई, दोन वाटा आहेत. या बोर्डावर चालणारा सगळ्यात वरचा प्रोसेसर माझ्याकडे एक आहे. एकच. जुन्या मशीनमधून काढलेला. तो बसवतो. दोन वर्षं जाईल, फार तर तीन. म्हातारीला नवं डोकं, गुडघे तेच. नाहीतर नवं मशीन घ्या, प्रश्न मिटला.”

“नव्यावर माझा प्रोग्राम चालेल?”

“नाही. तो याच्याबरोबरच सती जाणार. पण नव्या प्रोग्रामला तुमची गरजच पडत नाही. बघा.”

त्यानं आपला लॅपटॉप उघडला, काकूंच्या यजमानांचा फोटो त्यात घेतला आणि एक बटण दाबलं. धाकटीनं सवयीनं मान भिंतीकडे वळवली. ती वळून होईतो डोळे आलेसुद्धा.

चांगले होते. स्वच्छ, तपकिरी, दोन्ही सारखे.

“कुणाचे आहेत?” तिनं विचारलं.

“कुणाचेच नाहीत. लाखो डोळे बघून त्यानं बनवलेत.”

धाकटी बराच वेळ बघत राहिली. ते डोळे समोर बघत होते, पण समोर कुणी आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. तरी काकूंना हवं होतं ते हेच. सासूबाईंचे नसलेले, कुणाचेच नसलेले. हे मशीन घेतलं की थोरलीला कामावरून सोडता येईल. चौदा वर्षं मेल्यावरसुद्धा राबतेय बिचारी. धाकटीला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा “आलेच” म्हणून बाहेर पडतो आहोत.

मेकॅनिक स्क्रू गोळा करत खाली बघून म्हणाला, “एक विचारू? मी घरोघर जातो. प्रत्येक हॉलमध्ये गेलेलं माणूस माझ्याकडे एकाच नजरेनं बघतं. आमचे वडीलसुद्धा. आधी वाटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.”

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं नाही. “मग?”

“मग तुमच्या मशीनमध्ये डोळ्यांचा फोल्डर दिसला. मागच्याच वर्षी. बोललो नाही.”

“का?”

“आई त्या फोटोशी बोलते,” तो म्हणाला. “जिवंतपणी बोलत नव्हती. कशाला बिघडवायचं?”

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

“प्रोसेसर बदला,” धाकटी म्हणाली.

“विचार करून सांगा. दोन वर्षांनी पुन्हा याच प्रश्नापाशी याल.”

“येईन की. बदला.”

त्यानं पंखा उचलला. धुळीची चादर निघाली, आणि पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला एक केस. तो ओढत गेला तसा केस येतच राहिला, हातभर लांब. धाकटीचे केस शाळेपासून मानेवर कापलेले.

“हाच अडकला होता,” मेकॅनिक म्हणाला आणि केस फुंकून टाकणार इतक्यात त्यानं धाकटीचा पसरलेला तळवा पाहिला. केस त्यावर ठेवला. जुनी वाळलेली पेस्ट खरवडली, चौकोनी प्रोसेसर बसवला, त्यावर नव्या पेस्टचा थेंब घातला, पंखा दाबला. सगळं मिळून वीस मिनिटं. एवढ्याशा कामासाठी आपण किती वर्षं धापा ऐकल्या, असं धाकटीच्या मनात आलं.

“उघडा काहीतरी. जड फाइल घ्या.”

तिनं बाविसांतली पहिली उघडली, मूळची. आजवर ती लहान केलेल्या नकलाच वापरत आली होती, कारण मूळ फाइलला हात लावला की मशीन मान टाकायचं. तिनं बटण दाबलं आणि मान वळवायला वेळच मिळाला नाही.

थोरली तिच्याकडे बघत होती.

भुवयांपाशी थांबणं नाही, धापा नाहीत. पंखा इतका हलका फिरत होता की खोलीत आणखी कुणी श्वास रोखून उभं असावं तसं वाटलं. धाकटीनं फोटो मोठा केला. आणखी मोठा. बुबुळाच्या काळ्यात खिडकीचा पांढरा चौकोन, आणि चौकोनाच्या मधोमध ती काळी रेघ. ही रेघ तिच्या ओळखीची होती. लेन्सवरची धूळ समजून तिनं शेकडो डोळ्यांत ती तशीच ठेवली होती, कारण पुसली की डोळा मेल्यासारखा दिसायचा. आता ती रेघ मोठी झाली, तिला खांदे आले, मानेवर कापलेले केस आले, कॅमेऱ्यावर झुकलेली मान आली.

श्वास रोखून उभी असलेली एक मुलगी.

मेकॅनिक वाकला. “या तुम्ही.”

“हं.”

“म्हणजे नऊ वर्षं तुम्ही आमच्या हॉलमध्ये उभ्या आहात.”

“आणि एकदाही चहा विचारला नाहीत,” धाकटी म्हणाली. मग ती स्क्रीनकडेच बघत राहिली, आणि त्यानं समजुतीनं हत्यारं आवरायला बराच वेळ लावला.

* * *

संध्याकाळपर्यंत तिनं बावीसही उघडले. प्रत्येकात ती होती. प्रत्येकात थोरली तिच्याकडेच बघत होती, हलू नकोस म्हणून बजावत, हलणार हे ठाऊक असून. दार, नर्स, ती सकाळ, त्याचं काही बदललं नाही. पण दाराकडे बघणारे डोळे कसे दिसले असतील, ते धाकटीला आता कल्पनेनं रंगवावं लागलं नाही.

मग तिनं काकूंना फोन लावला.

“काकू, तो फोटो कुणी काढला होता?”

“हे काय विचारता?” पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “मीच. उसना कॅमेरा होता. मोठी मुलगी कडेवर, अन् एका हातानं काढला. वाकडा आलाय ना? म्हणूनच तर हसत होते ते.”

“घरात?”

“गच्चीवर. का हो?”

“काही नाही. शनिवारी या.”

तिनं बाविसांतले त्यातल्या त्यात मिश्कील डोळे घेतले. खिडकीचा चौकोन काढला, आभाळ घातलं. मग अगदी बारीक ब्रश घेऊन मानेवर केस कापलेल्या मुलीला तिथून बाजूला केलं. हात हलला, तिनं पुन्हा केलं. रिकाम्या जागी एक बाई उभी केली, एका बाजूला कललेली, कडेवर मूल. छापल्यावर ती टाचणीच्या टोकाएवढीही उरणार नव्हती.

शनिवारी काकूंनी फोटो टेबलावर उभा करून बघितला. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“हे सासूबाईंसारखे नाहीत,” त्या शेवटी म्हणाल्या. “हे मला ओळखतात.”

फोटो पिशवीत घालताना त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. “तुमच्या बहिणीचेही डोळे उघडून टाका की एकदा. तुम्हाला काय अवघड आहे?”

“नको,” धाकटी म्हणाली. “आत्ताच जरा टेकलीये.”

काकू गेल्यावर तिनं कागदाच्या पुडीतला लांब केस त्या फोटोच्या चौकटीमागे सरकवला. मग पुढच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडली, आणि सवयीनं मांडीवर हात ठेवून वाट बघत बसली. फोटो केव्हाच आला होता.