पाच गाठींची वायर

“व्यंकटेशकाका, इथं प्रत्येक वायरला दोरा का बांधलाय?” डॅशबोर्डाखाली डोकं घालून बसलेल्या निधीनं विचारलं.

“कोयलांतला दोरा, मा. पार्थसारथीचा. गाडीस आग लागूं नये म्हणून,” व्यंकटेशराव म्हणाले.

हे उत्तर ते चाळीस वर्षं देत आले होते. चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत त्यांचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं, तेव्हा देवळातल्या या दोऱ्याचा महिमा पार माऊंट रोडपर्यंत पोचला होता. एका टॅक्सीवाल्यानं तर सासूबाईंच्या मिक्सरसाठीही दोरा मागून नेला होता. देव बिचारा कशाकशाला पुरणार! पण त्यात देवाचा काही संबंध नव्हता. त्या गाठी राजसबाईंच्या, व्यंकटेशरावांच्या बायकोच्या होत्या.

खरी गोष्ट अशी, की व्यंकटेशरावांना तांबडं आणि हिरवं सारखंच दिसायचं. ज्याचं पोट वायरींवर, त्याला रंग कळू नयेत, म्हणजे दैवाची थट्टाच. लग्नानंतरच्या पहिल्या पोंगलला त्यांनी बायकोसाठी तांबडं म्हणून हिरवंगार झंपराचं कापड आणलं. राजसबाई पोटभर हसल्या. मग दिवेलागणीला वायरींची भेंडोळी पुढ्यात घेऊन शिवणाचा दोरा काढून बसल्या. एक गाठ तांबडी, दोन हिरवी, तीन तपकिरी, चार निळी. “बाहेर कळूं नका देऊं. तोंडांतला घास जाईल,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढं चौतीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजत त्या गाठी मारत राहिल्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि व्यंकटेशरावांनी दुकान बंद केलं. गुडघे दुखतात, असं लोकांना सांगितलं.

त्या काळातल्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. उरली होती ही एकच. विलायती बनावटीची, दोन सीटांची, टपाशिवायची जुनी मोटार. मालक रणवीर, व्यंकटेशरावांसारखाच तंजावरकडचा मराठी. त्याच्या वडिलांनी पस्तीस वर्षांपूर्वी व्यंकटेशरावांकडून तिचं सबंध वायरिंग करून घेतलं होतं. नुकताच तिला नवा रंग दिला होता आणि रविवारी लेकीला घेऊन महाबलीपुरमला जायचा बेत होता. पण गाडीचं डोकं फिरलं, म्हणून त्यानं व्यंकटेशरावांनाच बोलावलं होतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचा थांबे. मागचे दिवे लावले की ब्रेकचा दिवा मरून जाई. ओरगडमच्या मोटार कारखान्यात वायरिंगचं काम पाहणारी निधी रणवीरच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. शनिवारची सुट्टी म्हणून ती मदतीला खाली आली होती.

“काका, मला वाटतं सगळंच वायरिंग उपटून नवं टाकावं,” ती बाहेर येत म्हणाली.

“थोडें थांबा, मा. आधीं रोग कळूं दे.” ते वायरिंग गेलं, की राजसबाईंच्या हातचं या जगात काही चालतंबोलतं उरणार नव्हतं.

त्यांनी पिशवीतून एक लांब वायर काढली. एक टोक मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं थेट बॅटरीच्या अर्थिंगला. “दाबा ब्रेक.” इंडिकेटर शहाण्यासारखा लुकलुकू लागला. मग ते डिकीत वाकले, चाचपडत अर्थिंगचा बोल्ट शोधला, खोलला. खाली नवाकोरा, गुळगुळीत रंग.

“रंगवाल्यानें इथेंही चोपडून ठेवला पाहा. रंगांतून वीज जात नाहीं. परतीची वाट बंद केली, मग ती दुसऱ्याच्या घरांतून जाते.”

पॉलिश पेपरनं त्यांनी पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. सगळे दिवे ताळ्यावर आले. निधीनं टाळ्याच वाजवल्या. “आणि मी सगळं उपटायला निघाले होते!” असं म्हणून ती रणवीरला बोलवायला वर गेली.

व्यंकटेशराव डॅशबोर्डाचं झाकण लावायला बसले. जाता जाता त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. एक वायर जराशी वाकली आणि तिचं आवरण पापडासारखं मोडून हातात आलं. आत उघडं तांबं. शेजारची वाकवली, तीही तशीच.

झाकणाला चार स्क्रू होते. लावले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. गाडी चालत होती, गाठी राहिल्या असत्या. आणि रविवारी शेजारच्या सीटवर रणवीरची लेक बसणार होती.

निधी आणि रणवीर खाली आले. “काका, झालं नां?” रणवीरनं हसत विचारलं.

“नाहीं, बाबा. रविवारीं नको नेऊं. वायरिंग आंतून मोडून गेलें आहे, आग लागेल. हें सगळें काढायला पाहिजे.” ते निधीकडे वळले. “तुम्ही म्हटलें तेंच बरोबर होतें, मा. आणि तो दोरा कोयलांतला नाहीं. मजला तांबडें-हिरवें कळत नाहीं. माझी बायको गाठ मारून देत होती.”

चाळीस वर्षांचं ओझं अवघ्या तीन वाक्यांत उतरेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. निधी हसली नाही. तिनं वही उघडली. “सांगा काका. कुठली गाठ कुठला रंग? काढण्याआधी सगळं लिहून घेऊ.”

त्यांनी सांगितलं. तांबडी, हिरवी, तपकिरी, निळी. मग पाच गाठींची वायर आली.

“ही हॉर्नची. हीही निळी.”

“मग पाच गाठी का?”

“मीही विचारलें होतें. ती म्हणाली, चारची आणि पाचची वेगळी, इतकेंच ठेवा लक्षांत.”

निधीनं वायर उजेडात धरली. “काका, ही जांभळी आहे.”

“निळी नव्हे?”

“नाही. चांगली गडद जांभळी.”

व्यंकटेशराव वायरीकडे पाहत राहिले. ही गडद छटा त्यांच्या ओळखीची होती, राजसबाईंच्या सणाच्या साडीची. दरेक सणाला ते म्हणायचे, “राजस, ती निळी साडी नेस.” आणि राजसबाई गालातल्या गालात हसत, एक अक्षर न बोलता आत जाऊन नेमकी तीच साडी नेसून यायच्या.

त्यांनी निधीकडून त्या वायरीचा गाठींसकटचा तुकडा मागून घेतला.

दुपारी घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं. साडी घडीतच होती. तिच्यावर त्यांनी तो तुकडा ठेवला. त्यांच्या डोळ्यांना दोन्ही निळेच दिसत होते.

“जांभळी,” ते म्हणाले आणि हलक्या हातानं कपाट लावलं.