बोरवाडी यादीत आहे

सोळा सालच्या एप्रिलात, लातूर शहराला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, उदगीरकडच्या एका तालुक्याच्या कचेरीत टँकरची यादी करायचं काम पंचशीलाकडं होतं. ती कंत्राटी ऑपरेटर. रोज सकाळी पाच महसूल मंडळांतून याद्या यायच्या, एकच गाव दोन-तीनदा लिहिलेलं असायचं. ती एकेक दुबार नाव शोधून खोडायची आणि तोवर टँकर फाटकाशी उभे.

मग तिनं इंटरनेटवरून कमांडी शिकून घेतल्या. काळ्या पडद्यावर cut लिहिलं की गावांच्या नावांचा रकाना सुटा व्हायचा. sort -u लिहिलं की नावं ओळीनं लागायची, दुबार आपोआप गळायची. मिनिटात यादी हातात.

"झकास काम केलंत," नायब तहसीलदार शेषेराव साहेब म्हणाले आणि पुन्हा फायलीत शिरले. उदगीर जिल्हा होणार अशी बोलणी चालली होती, वरून रोज नवी माहिती मागवत होते.

पाचव्या दिवशी मलप्पा नावाचा माणूस आला.

"म्याडम, बोरवाडीला पाच दिस झाले, टँकर न्हाई."

पंचशीलानं नाव टाकून शोधलं. लगेच सापडलं. तिनं पडदा त्याच्याकडं वळवला.

"हे बघा मामा, बोरवाडी यादीत आहे. टँकर रोज जातोय."

"कुठं जाऊन राहिलाय? म्या तिथंच राहतो की."

शेजारचा कारकून हसला. "एक मिळाला की दुसरा मागायला येतात."

तीन दिवसांनी मलप्पा परत आला. पंचशीलानं परत तेच दाखवलं. तो पडद्याजवळ वाकला. "नाव तर आमचंच हाय," एवढंच म्हणाला आणि गेला.

दहाव्या दिवशी तलाठ्याचा फोन आला. बोरवाडीत शिवगंगा नावाची बाई तळाचं पाणी वाटीनं भरायला विहिरीत उतरली, दगड निसटला, जागेवर गेली. नवऱ्याचं नाव मलप्पा.

पंचशीलानं मंडळांकडून आलेली मूळ यादी उघडली. बोरवाडी दोन होत्या. एक हायवेलगतची, एक कर्नाटकाच्या शिवेवरची. गावाचा नंबर वेगळ्या रकान्यात होता आणि तो तिनंच कापून टाकला होता. उरलेलं नाव सारखं, म्हणून शिवेवरची, मलप्पाची बोरवाडी दुबार समजून गळाली होती आणि टँकर रोज हायवेलगतच्या बोरवाडीला जात होता. ती उठून साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"टँकर आत्ता लावा. बाकी कुणाजवळ बोलू नका."

"साहेब, बाई मेली."

"विहिरीत पडून मेली. यादीनं न्हाई. समजलं का?"

रविवारी ती एसटीनं बोरवाडीच्या फाट्यावर उतरली, तिथून चालत गेली. मलप्पा दारात बसला होता. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो चिडेल, मारेल, असं तिला वाटत होतं. त्यानं फक्त विचारलं,

"म्या कचेरीत आलतो ना? दोनदा?"

"हाव. आलता."

"मग चला, सासूला सांगा. ती म्हणून राहिली, म्या कचेरीत गेलोच न्हाई, बाजारात बसून माघारी आलो. समदं गाव तेच म्हणतंय."

आत सासू, गौरम्मा, भिंतीला टेकून बसली होती. दोन-चार बायका जवळ होत्या. पंचशीला उभ्यानंच बोलली. "मामा दोनदा आले होते. खरं बोलत होते. मीच त्यांना खोटं ठरवलं. चूक माझी झाली."

गौरम्मानं जावयाकडं पाहिलं, मग हिच्याकडं.

"म्हंजे ह्याचं खरं होतं."

"हाव."

"बरं. माझी लेक तर गेली. आता हे खरं घेऊन मी काय करू, ते सांग."

मलप्पा तिथंच मातीत खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. पंचशीलाही गेली नाही. तिला जा असं कुणी म्हणालं नाही, बस असंही म्हणालं नाही.