बुद्धभूषण बारीक का झाला?

चंपाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. जिनं शिलाई मशीन चालवून संसार ओढला, तिला मुलाच्या खांद्यावर शर्ट कसा बसतो हे कळणार नाही तर कुणाला कळणार? बुद्धभूषण, म्हणजे घरातला भूषण, वय सत्तेचाळीस, सरकारी कचेरीत साहेब. कालपरवापर्यंत अंगानं असा की तो रिक्षात बसला की शेजारी फक्त पिशवी मावायची. आणि आता त्याच्या शर्टाच्या खांद्याची शिलाई पार दंडावर उतरली होती. पट्ट्याला नवी भोकं पडली होती.

हडपसरच्या त्या अख्ख्या सोसायटीला याचा आनंद झाला होता. लिफ्टमध्ये लोक त्याला ‘काय साहेब, डाएट का?’ म्हणून विचारायचे आणि साहेब लाजायचे. सून सोनाली खराडीला आयटी कंपनीत होती, ती तर खूशच होती.

“अहो आई, चांगलंच आहे की. डॉक्टर कधीचे मागे लागले होते.”

“चांगलं आहे गं. पण उतरलं कशानं?”

“चालायला जातात ना रोज सकाळी,” असं म्हणून सोनालीनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला.

चालायला! चंपाबाईंनी मनातल्या मनात नाक मुरडलं. ज्याचे गुडघे एक जिना उतरताना कुरकुर करतात, तो रोज तासभर चालतो? आणि चालतो तर बुटांना धूळ कशी नाही? त्यांनी बूट उचलून तळवे बघितले होते. दुकानातून आणल्यासारखे स्वच्छ.

मग त्या मागेच लागल्या. म्हातारीच्या हातात वेळ असतो आणि नाक शाबूत असलं की झालं. भूषण सकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असायचे, रडून आल्यासारखे. त्याच्या पिशवीतल्या ओल्या टॉवेलला औषधाचा वास यायचा, दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो फोन. बाहेर पडल्यावर तासाभरात त्याचा न चुकता फोन यायचा.

“आई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय? आत्ता तर घरातून गेलास.”

“नाही, असंच. ठेवतो.”

उभ्या जन्मात ज्यानं आईला असंच म्हणून फोन केला नाही, तो आता रोज करत होता. चंपाबाईंना खरी धास्ती बसली ती त्या फोनमुळे.

कारण हे सगळं त्यांनी एकदा बघितलं होतं. त्यांचे यजमान रतनराव असेच बारीक होत गेले होते. विचारलं की म्हणायचे, “अगं, चालणं वाढवलंय.” आणि चंपाबाई हुरळून गेल्या होत्या! नवऱ्याचे शर्ट त्यांनी स्वतः हौसेनं दोन्ही बाजूंनी आत घेतले, गल्लीभर सांगत सुटल्या की आमचे हे बघा, कसे जवान दिसतात. पोटात कॅन्सर आहे हे रतनरावांना ठाऊक होतं. बायकोला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. चंपाबाईंनी आत घेतलेला शर्ट घालूनच ते शेवटचे इस्पितळात गेले. त्या शर्टांवर हसत हसत मशीन चालवल्याचं चंपाबाईंना आजही सहन होत नसे.

त्यामुळे रविवारी भूषण तीन शर्ट घेऊन आला आणि “आई, जरा दोन्ही बाजूंनी आत घे ना, चालणं वाढवल्यापासून ढगळ व्हायला लागलेत,” म्हणाला, तेव्हा त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तेच शब्द! बापाचेच!

“मशीन बिघडलंय,” त्या म्हणाल्या.

“काल तर चालू होतं.”

“काल होतं. आज बिघडलं.”

शर्ट मशीनवरच पडून राहिले. पण चंपाबाईंनी मनाशी ठरवलं, एकदा फसले, आता नाही. हा कुठल्या दवाखान्यात जातो ते बघायचंच. पोराला काय झालंय ते वेळेत कळलं तर काहीतरी करता येईल.

सोमवारी भूषण बाहेर पडला आणि पाठोपाठ चंपाबाई. कोपऱ्यावरच्या रिक्षात बसून त्यांनी पुढच्या स्कूटरकडे बोट दाखवलं.

“त्याच्या मागं घ्या.”

रिक्षावाला चक्रावला. “आजी, भानगड काय?”

“माझा मुलगा आहे. तुम्ही रस्त्याकडं बघा.”

स्कूटर कुठल्याही दवाखान्यासमोर थांबली नाही. थांबली ती महापालिकेच्या जलतरण तलावासमोर. चंपाबाईंना काही उमगेना. त्या उतरून दारापर्यंत गेल्या तर रखवालदार आडवा आला.

“आजी, लेडीज बॅच दहाला.”

“मला पोहायचं नाही. माझा मुलगा आत गेलाय.”

“शिकाऊ पोरांना सातला सोडतात. इथंच बसा.”

“सत्तेचाळीस वर्षांचा आहे तो!”

रखवालदारानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मुकाट्यानं बाजूला झाला.

आत दवाखान्याचाच वास होता. टॉवेलला यायचा तो. पाण्यात मारलेल्या औषधाचा. चंपाबाई बाकांच्या कडेला उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. उथळ बाजूला शाळकरी पोरांच्या ओळीत, डोक्यावर निळी रबरी टोपी घालून, फळी छातीशी धरून त्यांचा साहेब मुलगा पाय झाडत होता. पाणी उडत होतं फार, पुढे सरकत होता थोडा. शेजारची चिमुरडी पोरगी त्याला मागे टाकून गेली आणि तो हसला. लहानपणी आंबा मिळाल्यावर हसायचा तसा.

मग तो बाहेर आला. कित्येक वर्षांनी चंपाबाईंनी मुलाचं उघडं अंग बघितलं, आणि अगदी निरखून बघितलं. रतनरावांना शेवटी त्यांनीच आंघोळ घातली होती. आजारानं झिजलेलं अंग कसं दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. पोट सुटलेलं होतंच, पण खांद्यांना घट्टपणा आला होता, कातडीवर तजेला होता, धापा टाकतानाही गाल तांबूस होते. निरोगी होता मेला! चंपाबाई बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. समोर भूषण, अंग पुसायच्याही आधी, पाणी निथळत कानाला फोन लावून उभा होता. चेहरा असा काळजीत पडलेला की बघवेना.

“आई, बरी आहेस ना?”

“बरी आहे. मागं वळून बघ.”

साहेबांच्या हातून फोन पडता पडता राहिला. टॉवेल गुंडाळून ते आईसमोर येऊन उभे राहिले, मान खाली घालून.

“गुडघ्यांना चालणं झेपत नाही म्हणून डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा,” तो पुटपुटला.

“मग लपवायचं काय होतं त्यात? आणि रोज तो फोन कशाला?”

भूषण टॉवेलचं टोक पिळत म्हणाला, “तू शपथ घातली होतीस. शेजारचा मुलगा कॅनॉलमध्ये बुडाला तेव्हा. माझा हात तुझ्या गळ्याला लावून म्हणालीस, पाण्यात उतरलास तर मी मरेन.”

चंपाबाईंना आठवायला वेळ लागला. तेव्हा तो दुसरी-तिसरीत असेल.

“अरे, चौदा एप्रिलला स्टेजवर उभा राहून अंधश्रद्धेवर तासभर बोलतोस ना तू?”

“बोलतो.”

“लोकांना टाळ्या वाजवायला लावतोस!”

“हो. पण तुझ्या बाबतीत रिस्क नको म्हटलं. म्हणून बाहेर आलो की आधी फोन करायचो.”

“आणि सोनालीला माहीत होतं?”

“तिलाही शपथ घातली होती.”

“आणखी एक!” चंपाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा डोळे भरले. “मला वाटलं, तू तुझ्या बापाच्या वाटेनं चाललास. त्यांचंही चालणंच वाढलं होतं.”

भूषणचा चेहरा उतरला. शर्ट मशीनवर का पडून राहिले ते त्याला आत्ता कळलं. तो ओल्या अंगानंच आईशेजारी बसला. चंपाबाईंनी त्याचा गार हात धरून आपल्या गळ्याला लावला आणि बाजूला केला.

“सुटली शपथ. जा, कपडे घाल, सर्दी होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भूषण गेल्यावर चंपाबाई मशीनवर बसल्या. शर्ट उलटा करून त्यांनी दोन्ही बाजूंनी शिलाई मारली. जास्तीचं कापड मात्र कापलं नाही, आतच ठेवलं. साहेबांना त्या ओळखून होत्या. तिसऱ्या शर्टाला सुई लागली आणि फोन वाजला. आता कशाला, शपथ तर सुटली होती.

“आई, बरी आहेस ना?”

चंपाबाईंनी चाकावरचा हात थांबवला.

“बरी आहे रे. शर्ट होत आले. घरी ये आणि घालून दाखव.”